वॉर्डातली पात

त्या काळात माझ्या स्वप्नात नुसते हात यायचे. पांढऱ्या चादरीवर ठेवलेले, कोपरापर्यंतच दिसणारे. कुणाच्या मनगटावर गोंदण, कुणाच्या नखांत धानाच्या कोंड्याची पिवळी कड, कुणाच्या हिरव्या बांगड्या वर सरकवून ठेवलेल्या. मी एकेका हाताची शीर शोधत पुढं जायची आणि ओळ काही संपायची नाही. जाग यायची तेव्हा माझा अंगठा नवऱ्याच्या मनगटावर दाबलेला असायचा. "सलाईन लावून राहिली का वो?" तो डोळे न उघडताच विचारायचा आणि कूस बदलायचा.

मी आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात अधिपरिचारिका आहे. हा भारदस्त शब्द पगाराच्या कागदावर. वॉर्डात मी सिस्टर, नाहीतर नुसती बाई. राहते पवनीला, जाते बसनं. दुपारची पाळी असली की बसमध्ये खिडकीशी बसून मी हटकून पेंगते. डोळे मिटतात तेव्हा धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं असतात, उघडतात तेव्हाही बांध्याच असतात. मध्ये किती गावं गेली ते कळतच नाही.

तेव्हा आमच्याकडे कामं वाटलेली होती. एक सिस्टर इंजेक्शनं देणार, एक गोळ्या वाटणार, एक ताप आणि बीपी बघणार, एक पट्ट्या बांधणार. मी सलाईन लावायची. माझा हात हलका म्हणून ते काम मला चिकटलं आणि मग माझं नावच सलाईनवाली बाई पडलं. खाटा जास्त आणि आम्ही कमी, त्यामुळे अशी वाटणी सोयीची वाटायची. हात सवयीनं चालतात, डोकं लागत नाही. एखादी बाई म्हणायची, "बाई, पोटात गोळा आल्यासारखा वाटून राहिला." मी म्हणायची, गोळीवालीला सांगा. गोळीवाली म्हणायची, डॉक्टर राऊंडला आले की सांगा. डॉक्टर येईपर्यंत तिला झोप लागलेली असायची.

एकदा पवनीच्या बाजारात एक बाई मला बघून धावत आली. "वळखलं का बाई?" तिचा चेहरा आनंदानं फुलला होता आणि मला काही केल्या आठवेना. मी उगाच हसले. मग तिनं वांगी उचलायला हात पुढं केला आणि मनगटाजवळचं विंचवाचं गोंदण दिसलं. त्या हाताला मी कितीतरी वेळा सलाईन लावलं होतं. त्या बाईच्या तोंडाकडं मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ती मला जबरदस्तीनं मूठभर मिरच्या देऊन गेली आणि मी तिथंच उभी राहिले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, ही नोकरी आता सोडते. दिवाळी होऊ दे, मग सोडते. तो शहाणा माणूस. "सोड नं मंग," म्हणाला आणि पंपाची मोटर बघायला निघून गेला.

त्याच पावसाळ्यात आमच्या वॉर्डाला नवीन इन्चार्ज सिस्टर आली. बपेऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरची, उंच, बोलायला कमी. तिच्या गालात कायम सुपारीचं खांड असायचं आणि आम्हाला मात्र ती वॉर्डात काही चघळू द्यायची नाही. आमच्या वॉर्डाच्या मागच्या खिडक्यांतून एक बांधी दिसते. श्रावणात तिथं रोवणा चालला होता. गुडघाभर पाण्यात बायका ओळीनं वाकलेल्या, उलट पावली मागं सरकत धानाची रोपं लावत होत्या. इन्चार्ज सिस्टर खिडकीशी उभी राहून ते बघत राहायची. आम्हाला वाटायचं, हिला गावची आठवण येते.

एका दुपारी तिनं आम्हाला खिडकीशी बोलावलं. "तिकडं पाहा. एक बाई रोपाच्या पेंढ्या सोडते, एक रोवते, एक चिखल दाबते, असं दिसते का कुठं?"

नव्हतंच तसं. प्रत्येकीनं आपली पात धरली होती. पात म्हणजे त्या बाईच्या वाट्याची पट्टी. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत तिची तिनं रोवत न्यायची. रोप वाकडं गेलं, दाट पडलं, सुटलं, ते सगळं तिचं.

"उद्यापासून आपन बी पात धरू," ती म्हणाली. "आपापल्या खाटा. सुई तुहीच, गोळी तुहीच, पट्टी तुहीच. अन् पोटात गोळा आला तर तो बी तुहाच."

कुरकुर झाली. सगळ्यात जास्त मीच केली, कारण मी तशी तिरसटच. सलाईन सोडून बाकीची कामं मला जड जातील असं म्हणाले. "मंग शिक," एवढंच उत्तर मिळालं. मला खिडकीकडची रांग आली.

आणि मला आवडलं. सरळच सांगते, मला फार आवडलं. पहिल्यांदा हातांना चेहरे आले. कुणाला दूध चालत नाही, कुणाची सून भेटायला आली की बीपी चढतं, कोण दुखलं तरी तोंडातून हूं काढत नाही, हे मला कळायला लागलं. लाखनीकडची एक म्हातारी ताप उतरायच्या आधी हमखास चहा मागायची. तिनं चहा मागितला की मी थर्मामीटर लावायच्या आधीच खूश व्हायची. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन खाटांवरून हळूहळू सरकायचं आणि मी त्याच्या मागं मागं माझी रांग करत जायची. शेवटच्या खाटेशी पोचेपर्यंत बांधीतलं पाणी सोनेरी झालेलं असायचं. कधी कधी वाटायचं, वॉर्डातही घोटाभर पाणी आहे आणि मी त्यातून चालते आहे.

स्वप्नातले हात यायचे बंद झाले. पण नोकरी सोडायचं मात्र मनात होतंच. कारण पात धरली तरी बायका तेवढ्याच आणि आम्ही आणखी कमी झालो. नवरात्राच्या सुमारास आमच्यातल्या दोघींना दुसऱ्या तालुक्यात पाठवलं. तिथं कुणीच नव्हतं म्हणे. त्यांच्या खाटा आमच्यात वाटल्या गेल्या. आमच्या पाती रुंदावल्या आणि माझी कंबर बोलायला लागली. घरी गेले की मी भाताच्या ताटावर बसल्या बसल्या झोपायची. आवडतं काम दमवत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एक आठवडा आमच्या वॉर्डात काढावा.

दिवाळीच्या तोंडावर ती आली. तलावात मासे धरणाऱ्या घरची, माझ्याच वयाची बाई. आमच्याकडे या दिवसांत तलाव-बोड्यांत शिंगाडे निघतात. बायका कडेच्या गाळात उभ्या राहून वेल उचलतात, फळं तोडतात. तळाशी जुन्या शिंगाड्यांची वाळकी टरफलं असतात, त्यांचे काटे लोखंडासारखे. असा एक काटा तिच्या तळपायात शिरला होता. तिनं तो स्वतःच दाभणानं काढला, हळद भरली आणि पुन्हा पाण्यात उतरली. साखरेचा आजार आहे हे तिला आमच्याकडे आल्यावर कळलं. पाऊल सुजून चमकत होतं आणि लाली घोट्याकडं चढत होती.

ती माझ्या पातीत होती. डॉक्टरांनी पेनानं लालीच्या कडेनं तिच्या कातडीवर रेघ मारली. लाली या रेघेच्या आत राहिली तर इथंच बरं करू, ओलांडून गेली तर नागपूरला पाठवावं लागेल आणि तिथं पाऊल राहीलच असं सांगता येत नाही, असं त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. रोज पट्टी, रोज सुई आणि रोज रेघ बघायची.

डॉक्टर गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "पाऊल गेलं तं तराव कसा कळंन मले?"

तराव म्हणजे तलाव हे कळलं, पण पावलाचा संबंध कळला नाही. मग तिनं सांगितलं. गाळात डोळे कामाला येत नाहीत, तळ बोटांनीच बघावा लागतो. कुठं खड्डा आहे, कुठं दगड आहे, मासा कुठं दबून बसला आहे. "मायासाठी डोरेच हायेत ते बाई," ती म्हणाली आणि चादरीतून बोटं हलवून दाखवली. मी त्या दिवशी पट्टी बांधताना जरा जास्तच वेळ लावला.

रोज मी रेघ बघायची, ती माझं तोंड बघायची. सुरुवातीला ती मला तुमी म्हणायची, मग कधी तू झालं ते कळलं नाही. पट्टी करताना ती तलावाच्या गोष्टी सांगायची. पहाटे पाण्यावरून धूर उठतो आणि शिंगाड्याची पानं त्यात तरंगताना दिसतात, तेव्हा वाटतं वर-खाली दोन्हीकडं आभाळच आहे आणि आपण मधात उभं आहोत. ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे, हात मात्र चालत राहायचे. लाली रेघेच्या आत आत सरकत होती.

मग मला चार दिवस बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवलं. तिथल्या दोघी आजारी पडल्या होत्या, कुणीतरी जायलाच हवं होतं आणि मला ते काम येत होतं. अंगणाच्या पलीकडंच ती इमारत, पण तिथं गेलं की पाणी प्यायला फुरसत नसते. माझी रांग माझ्या शेजारच्या सिस्टरनं आपल्या रांगेसोबत सांभाळायची असं ठरलं. ती कामाला वाघीण होती. मी निश्चिंत होते.

परत आले त्या दुपारी मी सरळ शिंगाडेवालीच्या खाटेकडं गेले. ती मला बघून हसली, पण तिचे ओठ कोरडे होते. पट्टी काळपट पडली होती आणि ती माझीच होती. गाठ मी मारते तशी, आतल्या बाजूला. मी सोडली. लाली रेघ ओलांडून बोटभर वर गेली होती.

मी शेजारच्या सिस्टरवर अशी काही ओरडले की सगळा वॉर्ड उठून बसला. ती बिचारी गोंधळली. "मी रोज ट्रे घेऊन गेले तिच्याकडं. सुई घेतली तिनं. पट्टीचं विचारलं की म्हणायची, झाली, माही बाई सकारीच येऊन करून गेली. डॉक्टरले बी तेच सांगत होती. मले वाटलं तू येऊन जात असशीन. तुहा काही भरवसा नाई नं!"

शेवटचं वाक्य खरं होतं. मी तशी येऊन गेलेही असते, फुरसत मिळाली असती तर. दोन रांगा एकटीनं ओढणाऱ्या बाईला झालेलं काम झालं म्हणून ऐकायला मिळालं, तर ती कशाला पट्टी उघडून बघेल?

मी खाटेकडं वळले. "काहून खोटं बोललीस वो तू?"

ती खाली मान घालून बसली. तशीच बोलली. "तुही पात दुसरीनं रोवली तं सारे हासतीन नं तुले. मी बी जातो रोवण्याले. जिची पात मागं राहते, तिले दिवसभर बोल लागते. मी म्हटलं, आपली बाई येईन. तोवर राहू द्या."

ती माझी लाज राखत होती. पाऊल पणाला लावून. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी नुसती तिच्या पायाशी बसून राहिले आणि पाणी माझ्या डोळ्यांतून तिच्या चादरीवर पडत होतं.

डॉक्टर आले. सुईतलं औषध बदललं, जखम पुन्हा उघडून साफ केली. नागपूरला न्यायची गाडी उद्या मागवू, म्हणाले, तोवर उतार पडला तर बघू. नवीन कडेनं नवीन रेघ मारली.

इन्चार्ज सिस्टर हे सगळं दारात उभी राहून बघत होती. ती कुणावर ओरडली नाही. खिडकीशी गेली, बाहेर बघितलं. बांधीत आता धान कापून झालं होतं, नुसती धसकटं उभी होती. "अर्धाच रिवाज आनला मी," ती म्हणाली. "बाकीचा गावातच राहिला."

मग तिनं सांगितलं. तिच्या गावी रोवण्यातून मध्येच कुणाला घरी जावं लागलं, लेकराला पाजायला म्हणा की काही, तर ती बाई तशीच धुऱ्यावर चढत नाही. हातातली पेंढी शेजारणीच्या हातात द्यायची आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, माही पात आता हिची. मग कुणी हसत नाही, कुणी बोल लावत नाही. न देता चढली तर मात्र तिला कुणी पुन्हा रांगेत घेत नाही.

त्या संध्याकाळी पाळी बदलताना आम्ही पहिल्यांदा तसं केलं. टेबलापाशी उभं राहून सांगायचं ते सोडून खाटेखाटेशी गेलो. शिंगाडेवालीच्या खाटेशी आल्यावर मी तिचा हात उचलून शेजारच्या सिस्टरच्या हातात दिला. "ही आता तुझी," मी म्हणाले. मग तिच्याकडं बघून म्हणाले, "अन् तू आता हिची. हिला पाय दाखवशील. मला कुणी हसत नाही."

ती दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं चादर बाजूला सारली आणि पाऊल त्या सिस्टरच्या पुढं केलं.

त्या दिवशी माझी शेवटची बस चुकली. नवरा मोटारसायकल घेऊन न्यायला आला. थंडी होती, धानाच्या गंज्यांचा वास येत होता. त्याच्या पाठीला डोकं टेकवून मी अर्धवट झोपेत होते. त्या झोपेत वॉर्ड पाण्यानं भरला होता, खाटा शिंगाड्याच्या पानांसारख्या तरंगत होत्या आणि मी बोटांनी तळ चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही, कारण ती मागवावी लागली नाही. लाली नव्या रेघेवरच थांबली होती. पुढं ती उतरत गेली. कधी आम्हाला छळत, कधी एका दिवसात एकदम. मी असले तर मी बघायची, नसले तर जिच्या हातात दिलं ती बघायची. करंगळीच्या बाजूची थोडी कातडी गेली, पण पाऊल राहिलं. पाच बोटं राहिली.

तिचा पाय उताराला लागल्यावर मी इन्चार्ज सिस्टरला सांगून टाकलं, की मी सोडते आहे. दिवाळी झाली होती, घरी तसं बोललेही होते. तिनं सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"कोनाच्या हातात देऊन जाशीन तुही पात?"

मला संताप आला. "ते काम माझं आहे का? दोघींची जागा रिकामी, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. वरच्यांनी माणसं द्यावीत. आमच्या मायेवर किती दिवस चालवायचं हे?"

"खरं हाय तुहं," ती म्हणाली. "मी बी रोज तेच लिहून पाठवतो." एवढं म्हणून ती तापाचे कागद चाळायला लागली. मला वाटलं होतं ती समजूत घालेल. समजूत घातली असती तर भांडता तरी आलं असतं.

शिंगाडेवालीच्या जाण्याचा दिवस आला. तिचा नवरा चपला घेऊन आला होता. पायाला काही लागू नये म्हणून मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, आणि तलावात जायचंच झालं तर रबरी बूट, ते नसतील तर पाण्यात पायच नाही. "हो माय, हो," ती म्हणत होती. दुपारचं ऊन तिच्या रिकाम्या खाटेवर आलं होतं. शेजारच्या खाटेवर सकाळीच एक नवीन बाई आली होती. तापानं फणफणलेली, भ्यालेली, कुणी जवळ गेलं की अंग चोरणारी. सकाळपासून तिनं कुणाला धड सुई लावू दिली नव्हती.

शिंगाडेवालीनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, निरोप घेते आहे. ती लंगडत लंगडत मला त्या नवीन बाईच्या खाटेशी घेऊन गेली. तिनं त्या बाईचा तापलेला हात चादरीतून ओढून काढला, माझा हात त्यात ठेवला आणि वरून आपला हात दाबला.

"हे बाई आता तुही," ती म्हणाली. साऱ्या वॉर्डाला ऐकू गेलं. "रागीट हाय, पन हात हलका हाय तिचा. तू बरी होऊन जाशीन तवा अशीच सोडून जाजो नको. दुसरीच्या हातात देऊन जाजो."

वॉर्डातल्या बायका हसल्या. इन्चार्ज सिस्टर खिडकीकडं तोंड करून उभी होती, जसं काही तिनं ऐकलंच नाही. शिंगाडेवाली दारातून गेली. तिचा नवरा मागं वळून नमस्कार करत होता, ती मात्र खाली बघत, एकेक बोट टेकत चालली होती.

मी हात काढून घ्यायला गेले. नवीन बाईनं तो सोडला नाही.

संध्याकाळी घरी गेले. नवऱ्यानं विचारलं, "मंग? कवापासून सोडून राहिली?"

"माझी पात द्यायला कुणी नाही," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही. त्यानं माझ्यापुढं ताट सरकवलं आणि मी जेवता जेवता झोपले नाही.

आमच्या जागा अजून भरलेल्या नाहीत. मी भांडते, इन्चार्ज सिस्टर लिहिते. आणि माझ्या रांगेतली कुणीही बाई घरी जायला निघाली, की मला मनगट धरून शेजारच्या खाटेशी नेते.